पाणंदीतला सराव, साडेतीन हजार मीटर उंचीवरची शर्यत

लेहच्या उंचीवर ऑफ-रोड ट्रायथलॉन करायची असेल, तर बेळगावात राहून उंचीची सवय होत नाही, हे पहिल्यांदा मान्य करा. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास. वैजनाथ-महिपाळगडाचा डोंगर धरला तरी हजाराच्या पुढं फार काही जात नाही. त्या डोंगरावर रोज चढलात तर पायाला ताकद येईल, रक्तात काडीचा फरक पडणार नाही. दुकानात येणारी पोरं विचारतात, "अण्णा, तोंडाला ते उंचीच्या सरावाचं मास्क लावून पळालो तर?" मास्कनं श्वास घ्यायला त्रास होतो, हवा बेळगावचीच राहते. ते पैसे वाचवा आणि चांगले टायर घ्या.

माझं शहापुरात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पन्नाशी उलटली तरी या शर्यतींचा नाद सुटलेला नाही. ऑफ-रोड ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग माउंटन बाइक, मग डोंगरातल्या पायवाटेनं पळायचं. डांबर जवळजवळ नसतंच. वर्ल्ड ट्रायथलॉन ही जागतिक संघटना याला क्रॉस ट्रायथलॉन म्हणते. पोहणं १ ते १.५ किलोमीटर, सायकल २० ते ३०, पळणं ६ ते १०, असा साधारण आवाका. यातली सगळ्यांत नावाजलेली मालिका एक्सटेरा, ती १९९६ साली हवाईतल्या माउई बेटावर सुरू झाली. अमेरिकेत यूटातल्या ऑग्डेनला तिची शर्यत व्हायची तेव्हा पोहणं दीड हजार मीटरवरच्या पाइनव्ह्यू जलाशयात आणि पळणं साडेएकोणीसशे मीटरच्या आसपास, स्नोबेसिनच्या डोंगरात. अमेरिकेतल्याच टाहो सरोवराचं पाणीच १,९०० मीटरवर आहे. मी इथं लिहितोय ती तयारी त्याहून वरची, लेहच्या उंचीची, म्हणजे ३,५०० मीटरची. त्याखालच्या शर्यतीला ती पुरून उरेल.

वर गेल्यावर नेमकं काय होतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण लेहला आणि बेळगावला सारखंच असतं, २१ टक्क्यांच्या जवळपास. कमी होतो तो हवेचा दाब. आपल्याकडं तो साधारण ९२५ हेक्टोपास्कल असतो, लेहला ६६०च्या आसपास. त्यामुळं एका श्वासात बेळगावला जेवढा प्राणवायू आत जातो त्याच्या साधारण सत्तर टक्केच तिथं मिळतो. शरीराची जास्तीत जास्त प्राणवायू वापरायची क्षमता दीड हजार मीटरच्या वर दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घसरते, आणि सरावलेल्या खेळाडूची जरा जास्तच घसरते. म्हणजे तुम्ही कितीही तयार असलात तरी तुमच्या इंजिनाचा एक हिस्सा तिथं बंदच राहणार. तो चालू करता येत नाही. उरलेल्या इंजिनात शर्यत कशी बसवायची, एवढंच आपल्या हातात. त्यासाठी वेगापेक्षा काटकसर शिकायला हवी, आणि ती शिकायला बेळगाव-खानापूरसारखा मुलूख नाही.

पाणंद

बेळगुंदी, बिजगर्णी, येळ्ळूर, जांबोटी, कुठंही जा, गावाबाहेर पाणंद सापडते. दोन्ही बाजूंना बांध, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या, चाकोऱ्यांच्या मध्ये गवताचा उंचवटा, अधूनमधून जांभ्याचे दगड वर आलेले. अशी चार-पाचशे मीटरची, हलक्या चढाची एक पाणंद निवडा. तोंड मिटायचं आणि फक्त नाकानं श्वास घेत ती पार करायची. जिथं तोंड उघडावं लागेल तिथं थांबून मागं वळून बघा. बहुतेक वेळा तिथं तुम्ही दगडाच्या आधी नको इतका ब्रेक मारलेला असतो आणि नंतर वेग भरून काढायला उभं राहून पायडल मारलेलं असतं. किंवा चाकोरी बदलायला सायकल उचलून टाकलेली असते. परत खाली या, दुसरी रेघ धरा. पुढचं चाक कुठं जातंय याकडं न बघता आठ-दहा मीटर पुढं बघा. हळूहळू तीच पाणंद तोंड न उघडता पार होईल, आणि घड्याळात बघाल तर वेळ पहिल्याइतकाच किंवा कमीच लागलेला असेल. वर हीच कमाई उपयोगी पडते.

लडाखकडचा शर्यतीचा मोसम जुलै ते सप्टेंबर, आणि आपल्याकडं नेमका तेव्हाच पाऊस. जून लागला की पाणंदीत घोट्याएवढा चिखल, टायर आणि फ्रेमच्या मध्ये लाल माती गच्च बसते, चाक फिरेना होतं. म्हणून पाणंदीचा सगळा सराव फेब्रुवारी ते मे या काळात उरकून घ्या. पावसाळ्यात वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळी, तिथून देवरवाडी आणि वर वैजनाथ असा चढ करा. आठ-दहा मिनिटांचे चढ, चारेक वेळा, मध्ये पूर्ण दम न घेता. आठवड्यातून एकदा पुरे. सुट्या खडीचा सराव मात्र सोडू नका. लडाख हा पर्जन्यछायेचा कोरडा प्रदेश, तिथं चिखल क्वचित, पण वाळू आणि सुटी खडी भरपूर. त्यासाठी खडीच्या खाणीकडं जाणारे मुरमाचे रस्ते चांगले, रविवारी डंपर नसतात तेव्हा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनखात्याला विचारल्याशिवाय घुसू नका. तिकडं अस्वलं आहेत, आणि खानापूरच्या जंगलाकडेला भल्या पहाटे गवा आडवा येतो. त्याला बघून घंटी वाजवणारा शहाणा मी पाहिलाय. गप उभं राहायचं, तो जातो.

जोर किती लावलाय ते ओळखायला मी घड्याळातले ठोके बघत नाही. उंचीवर ते तसेही फसवतात. पहिले काही दिवस बसल्याजागीसुद्धा ठोके वाढलेले असतात, आणि पूर्ण जोरात मात्र घरी जेवढे चढतात तेवढे चढत नाहीत. मी एकोणीसचा पाढा म्हणतो. एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न. एका दमात दोन पायऱ्या म्हणता आल्या तर चाल बरोबर. एक पायरीही तुटायला लागली तर जोर जास्त होतोय. आणि एकोणीस चोक किती हेच आठवेना झालं, तर मेंदूला प्राणवायू कमी पडतोय, सायकलवरून उतरा. ही सवय पाणंदीतच लावा, म्हणजे शर्यतीत वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

पाणी

आपल्या गावांतली बरीच पोरं विहिरीत पोहायला शिकतात. त्यांना पाण्याची भीती नसते, पण डोकं वर काढून हात मारायची सवय असते. त्यानं कंबर खाली जाते आणि निम्मा जोर पाणी ढकलण्यात जातो. गोवावेसच्या तलावावर महिनाभर सकाळी जाऊन डोकं पाण्यात ठेवून पोहायला शिका, तेवढं पुरेल. राकसकोपच्या जलाशयात कुणीही उतरू नका. ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. मोकळ्या पाण्याचा सराव हवा तर चोर्ला घाटातून खाली गोवा आहे. सकाळी लवकर, समुद्र शांत असताना, जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यालगत, जोडीदार बरोबर घेऊन.

श्वास दर दोन हातांना घ्या. तीन हातांना श्वास घेणं तलावात छान दिसतं, उंचीवर ती चैन परवडत नाही. पोहताना श्वास केव्हा घ्यायचा हे फुप्फुसं ठरवत नाहीत, हात ठरवतात, म्हणून उंचीवर तिन्ही खेळांत माणूस पहिल्यांदा घाबरा पाण्यातच होतो. वर थंड पाणी अंगावर आलं की पहिली दोन-तीन मिनिटं आपोआप धापा लागतात. हा शरीराचा स्वभावच आहे, कुणालाही चुकत नाही. तेवढ्यात वेटसूटनं, म्हणजे थंड पाण्यासाठीच्या रबरी पोशाखानं, छाती आवळलेली असते. त्यामुळं सूट नवाकोरा शर्यतीच्या दिवशी घालू नका. इथं तलावावर घालून बघा, दहा मिनिटांतच घामानं भिजाल. आणि काठावरून कोणीतरी विचारेलच, "हे काय गा, रबरात गुंडाळून घेतलंस?" विचारू दे. खांद्यापाशी सूट नीट वर ओढून घेतलाय का, मान काचतेय का, हे त्याच दहा मिनिटांत कळतं.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. हेल्मेटचा पट्टा लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा ट्रायथलॉनचा नियम आहे. थंड पाण्यातून बाहेर आलेल्या बोटांना तो बकल लागत नाही. घरी बादलीत बर्फ टाका, चार-पाच मिनिटं हात मनगटापर्यंत बुडवा, आणि न बघता हेल्मेटचा पट्टा लावा. अंगठ्याला काही कळत नाही, बकलची जीभ खाचेत गेली की नाही ते फक्त "टक्" आवाजावरून समजतं. मग मोजे, मग बूट. मोजे आधीच अर्धे उलटे करून ठेवले तर बोटं वळत नसली तरी पायात चढतात. घरातली माणसं हसतील. माझी बायको अजून हसते.

जाणं आणि राहणं

इथं घाई कराल तर बाकी सगळं फुकट. आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार मामा आहेत, लडाखात नोकरी काढलेले. बेळगावात हे रेजिमेंटल सेंटरच असल्यामुळं असे मामा गल्लोगल्ली सापडतात, त्यांना विचारायला लाजू नका. मी लेहला जाणार म्हटल्यावर ते म्हणाले, "दोन दिवस नुसतं झोप बघ. तिसऱ्या दिवशी हिंड. पळायचं नाव काढू नको." हे नुसतं वडीलधाऱ्याचं बोलणं नाही. सैन्यात पहिल्या टप्प्याला, म्हणजे साधारण २,७०० ते ३,६०० मीटरला, सहा दिवस सवय करतात, आणि त्यातले पहिले दोन विश्रांतीचे. त्याच्या वर ४,५०० मीटरपर्यंत आणखी चार दिवस. तिशीच्या आतल्या धडधाकट जवानांना हे लागतं, तर तुमच्या-माझ्या सारख्यांना सूट कुठून मिळणार?

रक्तात तांबड्या पेशी खरोखर वाढायला तीन-चार आठवडे लागतात. नोकरी-धंदा सोडून एवढं कुणाला जमतं? दोन आठवडे मात्र काढाच. तेवढ्यात श्वासाची गती जुळते, झोप लागायला लागते, आणि अंगातल्या द्रवाचं गणित बसतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी पोचायचं आणि त्रास सुरू व्हायच्या आत शर्यत संपवायची, ही युक्ती दोन-अडीच हजार मीटरवर काही जण वापरतात. साडेतीन हजारावर ती वापरू नका. दोन आठवडे निघत नसतील तर खालच्या उंचीची शर्यत निवडा, त्यात कमीपणा नाही.

दिल्लीपर्यंत मी गोवा एक्सप्रेसनं जातो. बेळगावहून बसलं की थेट निजामुद्दीन, आणि सायकल पार्सलच्या डब्यात टाकता येते. गिअर बदलणारा डिरेलर काढून चिंधीत गुंडाळा, ब्रेकच्या कॅलिपरमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला, नाहीतर उतरवून घेताना कोणी लिव्हर दाबला की पॅड चिकटून बसतात. दिल्लीहून पुढं विमानानं थेट लेहला उतरलात तर काही तासांत तीन हजारांहून जास्त मीटर चढलेले असता. रस्त्यानं जायचं तर मनालीपेक्षा श्रीनगरकडनं जा. श्रीनगर १,६०० मीटरच्या आसपास, कारगिल २,७००च्या आसपास, मग लेह. मध्ये फोटू ला ही खिंड ४,१०८ मीटरवर आहे, पण ती ओलांडून तुम्ही लगेच खाली येता, तिथं झोपत नाही. मनालीच्या रस्त्यावर सरचूचा मुक्काम चार हजार मीटरच्या वर पडतो आणि तिथं अर्धी गाडी रात्रभर डोकं धरून बसते. तीन हजाराच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा डॉक्टरांचा नेहमीचा हिशेब.

डोकेदुखी, आणि तिच्या जोडीला मळमळ, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं वाटणं, हे उंची बाधल्याचं लक्षण. तेव्हा वर चढायचं नाही, सराव करायचा नाही. कमी होत नसेल तर खाली या. बसल्याजागी धाप लागत असेल, ओला खोकला येत असेल, किंवा टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, तर सकाळची वाट बघू नका. रात्री असलं तरी लगेच खाली, आणि डॉक्टरकडं. मी रोज पळतो, मला काही होणार नाही, हा भ्रम आधी सोडा. तयारीचा आणि उंची बाधण्याचा संबंध नाही. उलट तयारीचा माणूस पहिल्याच दिवशी पळायला निघतो आणि पहिला आडवा होतो.

डायमॉक्स, म्हणजे अॅसिटाझोलामाइड, लेहला जाणारे बरेच जण घेतात. त्याचा उपयोग होतो, पण ते लघवी वाढवणारं औषध असल्यामुळं उत्तेजक-विरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, बंदी यादीत आहे. शर्यतीत उतरणाऱ्यानं नियम वाचल्याशिवाय आणि डॉक्टरशी बोलल्याशिवाय ते घेऊ नये. सल्फा औषधांची अॅलर्जी असलेल्यांनी तर मुळीच अंदाजानं घेऊ नये. निघायच्या दोन महिने आधी रक्तातलं फेरिटिन तपासून घ्या, नुसतं हिमोग्लोबिन नको. लोहाचा साठा नसेल तर शरीर नव्या पेशी कशातनं बनवणार? बायकांनी आणि शाकाहाऱ्यांनी हे हमखास करावं. गोळ्या मात्र रिपोर्ट बघून, डॉक्टर सांगतील तेवढ्याच.

हवा भरताना

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. बेळगावात टायरमध्ये २२ पीएसआय हवा भरलीत आणि सायकल तशीच लेहला नेलीत, तर तापमान तेच धरलं तर गेजवर जवळजवळ २६ दिसेल. टायरातली हवा वाढत नाही, बाहेरचा दाब जवळपास चार पीएसआयनं कमी झालेला असतो, आणि गेज फक्त आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक मोजतं. पहाटेची थंडी त्यातले एक-दोन पीएसआय परत खाते. तेवढ्यानं काय होतंय, असं वाटेल. खडीवर २६ ला चाक उडतं आणि २२ ला चिकटतं, एवढं होतं. म्हणून लेहला पोचल्यावर हवा नव्यानं मोजा, आणि शर्यतीच्या दिवशी सकाळी, ज्या गारठ्यात सुरुवात आहे त्याच गारठ्यात, पुन्हा मोजा. एकच गेज वापरा. दोन गेज कधीच एकसारखे दाखवत नाहीत. हवेवर चालणारा पुढचा फोर्क असेल तर त्याचाही दाब तिथंच बघा. सीओटूची छोटी नळकांडी विमानात सहसा अडवतात, हातपंप न्या. ट्यूबलेस असाल तर निघायच्या आधी भोक बुजवणारं सीलंट नवं घाला. कोरड्या हवेत जुनं सीलंट लवकर सुकतं आणि आत रबराच्या गोळ्या तेवढ्या उरतात.

गिअर इथं पुरतो त्याहून एक हलका लावून न्या. पुढं ३२ दात वापरत असाल तर ३० किंवा २८ ची चक्री बसवा. दुकानात पोरं यावरनं वाद घालतात, हलका गिअर म्हणजे कमकुवत माणूस. वर गेल्यावर वाद आपोआप मिटतो.

पोटाचं

लेहला पाणी साधारण ८८ अंशांलाच उकळतं. भात कितीही उकळला तरी मधे कच्चा राहतो, डाळ शिजत नाही. प्रेशर कुकर असलेल्या घरी उतरा. शर्यतीच्या सकाळी मी पोहे खातो. पोहे भिजवले की झाले, त्यांना उकळीशी घेणं-देणं नाही. उंचीवर भूक मरते आणि शरीर मात्र साखर जास्त मागतं, म्हणून ओळखीची चव जवळ ठेवा. उकडलेली रताळी, शेंगदाण्याची चिक्की, गूळ. रताळी आपल्याकडची न्यायची तर पहिल्या दोन-तीन दिवसांत संपवा. शर्यतीत सायकलवर तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, आणि ती इथं पाणंदीत खाऊन बघितलेलीच असावीत. कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई, डब्यात न्या, पण तो उतरलेल्या घरच्या मंडळींसाठी. शर्यतीत खाल्लात तर पोट तिथंच बसेल.

पाणी पाठीवरच्या पिशवीतनं, नळी तोंडापाशी असेल अशी. खडीच्या वाटेवर हँडल सोडून बाटली काढायला हात मोकळा नसतो, आणि कोरड्या हवेत नुसत्या श्वासातनंच पाणी जातं. लघवीचा रंग बघत राहा. दारू शर्यत होईपर्यंत बंद. झोपेच्या गोळ्याही नकोत. रात्री झोपेत श्वास थांबून एकदम दचकून जाग येते, पहिले काही दिवस तसं होतं, त्यानं घाबरू नका. ऊन मात्र मनावर घ्या. दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात, आणि थंडीमुळं कातडी भाजल्याचं कळत नाही. ओठ, कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू.

शर्यतीचा दिवस

सुरुवातीच्या आधी पाण्यात उतरून तोंड बुडवा, सूटच्या गळ्यातनं थोडं पाणी आत घ्या. धापा लागायच्या त्या तिथंच लागून जाऊ द्या. शिट्टी झाली की सगळे सुटतात. तुम्ही कडेला राहा आणि पहिले दोनशे मीटर घरच्यापेक्षा हळू जा. खाली सपाटीवर सुरुवातीला मारलेल्या जोराचं देणं पुढच्या उतारावर फिटतं. वर ते सावकाराच्या व्याजासारखं चढत जातं आणि शेवटच्या मीटरपर्यंत फिटत नाही. माझा खानापूरचा एक जोडीदार, सपाटीवर मला कधीच सापडत नाही. वर पहिल्या चढाला पुढच्या पोरांच्या मागं उभं राहून पायडल मारत गेला. दहा मिनिटांनी मी त्याला ओलांडलं तेव्हा तो सायकल धरून चालत होता, आणि पुढचा दीड तास त्याला नीट श्वास सापडला नाही. मी काही वेगात नव्हतो. माझा पाढा चालू होता.

पाण्यातनं बाहेर पडताना एकदम उभे राहून पळू नका. आडव्याचे उभे झालात की डोळ्यापुढं अंधारी येते. पाच-सहा पावलं चाला, मग पळा. बकलचा "टक्" ऐका आणि निघा.

चढाला बसूनच पायडल मारा. वळणातनं बाहेर पडताना झटका देऊ नका, वेग हळू वाढू द्या. जिथं चढ इतका खडा होतो की पायडल फिरवण्यात आणि चालण्यात वेगाचा फरकच उरत नाही, तिथं उतरून ढकला. मागचा हसला तर हसू दे, पुढच्या वळणावर तोही उतरलेला असतो. उतारावर हवा पातळ असते, ती तुम्हाला कमी अडवते. त्यामुळं बेळगावच्या अंदाजापेक्षा वेग पटकन वाढतो, ब्रेक जरा आधी लावा. डोकं थकलेलं असताना निर्णय उशिरा होतात. उतार ही कमाईची जागा नाही, दम घ्यायची जागा आहे. खायचंही तिथंच, पण वाट मोकळी आणि सपाट असेल तेव्हा.

पळायला लागल्यावर पहिला किलोमीटर ऊर धपापतो, ते धरूनच चला. छोटी पावलं, दोन पावलांना श्वास आत, दोनला बाहेर. चढ आला की हात गुडघ्यावर ठेवून चाला. चालणं इथं शर्यतीचाच भाग आहे, वर सगळे चालतात. दम परत आला की सपाटीवर पुन्हा पळा. पुढच्याला शेवटच्या दोन किलोमीटरला गाठायचं, त्याआधी नाही.

पाढा दोनदा चुकला, वाट सोडून पाय भलतीकडं पडायला लागले, किंवा डोकं ठणकायला लागलं, तर तिथंच थांबा. मागून येणाऱ्याला सांगा. शर्यत सोडायची तर गुपचूप मुक्कामाला निघून जाऊ नका. जवळच्या स्वयंसेवकाला नंबर सांगून पायातली टायमिंगची चिप काढून द्या, नाहीतर संध्याकाळपर्यंत ती माणसं तुम्हाला डोंगरात शोधत बसतील. ओले कपडे लगेच बदला, गरम आणि गोड काहीतरी प्या, आणि डोकेदुखी रात्रीपर्यंत उतरली नाही तर दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही खिंड बघायचा बेत रद्द करा.